मोकळ्या कागदाचा वर्ग

आईनं शाळेची नोकरी सोडली ती माझ्यामुळे. ती असं कधी म्हणत नाही. ती म्हणते, शिक्षणपद्धतीवरचा विश्वास उडाला म्हणून सोडली. पण ज्या रविवारी सकाळी तो विश्वास उडाला त्या सकाळी मी तिथे हजर होते, म्हणून सांगते. मी तिसरीत होते आणि आईच माझी वर्गशिक्षिका होती. कोपरगावात तेव्हा इंग्रजी माध्यमाच्या नव्या शाळा उसाच्या लागणीसारख्या जिकडे तिकडे निघत होत्या, त्यातल्याच एकीत ती शिकवायची. वर्गात तिला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, हा नियम तिनंच घातला होता आणि मी नियम पाळणारी मुलगी होते. त्या रविवारी ती ओट्याशी पोळ्या लाटत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, करंगळी वर केली आणि विचारलं, "मॅडम, मे आय गो?" बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण तो हलायला लागला. आई मात्र हसली नाही. तव्यावरची पोळी करपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या आठवड्यात तिनं राजीनामा दिला आणि जूनमध्ये मला कुठल्याच शाळेत घातलं नाही.

आत्ता मी आईच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. आठवणी लिहायला हे वय फार लवकर आहे असं माझा नवरा म्हणतो. पण आई अजून खणखणीत आहे, आणि ती असेपर्यंतच हे लिहिलेलं बरं. मागाहून लिहिलं तर मी तिला फार चांगली करून टाकेन.

आम्ही आक्कांच्या घरात भाड्यानं राहायचो. आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण, एकट्या, साठीच्या, दारात दोन म्हशी. खाली त्या, वर आम्ही. वर आमच्या दोन खोल्या, समोर गच्ची आणि गच्चीवर पत्र्याची एक लांबलचक खोली, जिच्यात आक्कांचा कांदा पडलेला असायचा. बाबा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. उसात साखर किती उतरली हे सांगणं त्यांचं काम. हंगाम सुरू झाला की त्यांच्या शर्टाला, डब्याला, सायकलच्या सीटलासुद्धा पाकाचा वास यायचा आणि सगळ्या गावाला मळीचा. घरी ते बिनसाखरेचा चहा प्यायचे. पहाटे आक्कांच्या म्हशींच्या साखळ्या वाजायच्या, मग दुधाची धार बादलीत, मग कारखान्याचा भोंगा, आणि भोंग्यानंतर आई देवघरातली घंटा वाजवायची. ती देवासाठी नसायची. ती माझ्यासाठी असायची.

कारण घरी शिकवायचं ठरल्यावर आई पुण्याला एक शिबिर करून आली होती. मूल श्वास घ्यावा तसं शिकतं, त्याला फक्त मोकळं सोडायचं असतं, असं तिथे सांगितलं होतं. आईला ते मनापासून पटलं. तिनं घरी आल्या आल्या मला मोकळं सोडण्याचं वेळापत्रक केलं. आठ ते नऊ मुक्त वाचन. नऊ ते साडेनऊ निसर्गनिरीक्षण, म्हणजे म्हशी. साडेनऊला मधली सुट्टी, तीत शेंगदाण्याचा लाडू नाहीतर शिळ्या भाकरीचा कुस्करा. मग मुक्त गणित. सुरुवातीला हजेरी व्हायची. "केतकी," ती वहीत बघून म्हणायची, आणि अगदी समोर बसलेली मी, "हजर," म्हणायचे. एकदा मला ताप आला तर तिनं गैरहजेरी मांडली. बाबांनी ती वही पाहिली आणि विचारलं, "पालकांना चिठ्ठी पाठवणार का?" आई त्यांच्याशी दिवसभर बोलली नाही.

शाळेत न जाणारी मुलगी ही तेव्हा कोपरगावात बघायला यावं अशी वस्तू होती. लोक यायचेही. लग्नाला गेलो की कुणीतरी ताटावरूनच विचारायचं, "सतरा नव्वे किती गं?" मी म्हणायचे, "एकशे त्रेपन्न." मग ते आईकडे बघून मान हलवायचे, जशी बाजारात बैलाची चाल बघून हलवतात. आक्कांना मात्र पाढ्यांत रस नव्हता. त्या एवढंच म्हणायच्या, "पोरीला सोबत न्हाई, बाई. एकटं करडू दावनीला टिकत न्हाई." आई म्हणायची, समाजीकरण हा शाळेनं पसरवलेला गैरसमज आहे. आक्का म्हणायच्या, "आसंल," आणि मला खरवस द्यायच्या.

पण खरी अडचण माझी नव्हती, आईची होती. अकरा वर्षं पन्नास पन्नास मुलांना शिकवलेल्या बाईचं एका मुलीवर भागत नव्हतं. मी एक धडा वाचायला लागले की ती माझ्या मागे येऊन उभी राहायची, मग उजवीकडे, मग पुन्हा मागे. वर्गात फेऱ्या मारायची सवय होती आणि खोलीत बाक एकच. शेवटी एका दिवाळीनंतर तिनं जाहीर केलं की ती मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग काढणार आहे. आईचा हात फार चांगला होता. शाळेतल्या फळ्यावर सणावारांचं रंगीत खडूकाम तीच करायची आणि लोक ते पुसायला धजायचे नाहीत. माझा हात बाबांवर गेला होता. मी काढलेल्या गाईला शिंगं आहेत म्हणून ती बाक नाही एवढंच कळायचं. आई म्हणायची, "तुझी स्वतःची शैली आहे." शैली हा शब्द वाईट अर्थाचा आहे अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

वर्गाचं नाव ठरलं, मोकळा कागद. तत्त्व ठरलं, मुलाच्या चित्राला मोठ्यांनी हात लावायचा नाही, खोडरबर वापरायचा नाही, बघून काढायचं नाही, चांगलं वाईट म्हणायचं नाही. आईनं पेंटरला बोलावलं आणि पाटीचा मजकूर दिला. वर वर्गाचं नाव आणि खाली, 'येथे चित्रकला शिकवली जात नाही.' पेंटर म्हातारा माणूस. त्यानं कागद दोनदा वाचला.

"बाई, हे 'नाही' चुकून पडलंय का?"

"नाही. तसंच लिहायचंय. चित्रकला शिकवता येत नाही, ती मुलात असतेच."

"आसंल की. पन हाटेलवाला पाटीवर 'हितं भजी मिळत न्हाईत' आसं लिवतो का? मिळत नसली तरी लिवत न्हाई."

बाबा सायकल पुसता पुसता म्हणाले, "मुद्दा आहे त्यांचा." शेवटी पाटीवर 'येथे मुले स्वतः चित्रे काढतात' असं आलं आणि पेंटरनं आपल्या मनानं खाली एक कमळ काढून दिलं. आईला ते कमळ आवडलं नव्हतं, पण एवढं सुबक कमळ पुसणं तिच्या हातून होईना.

आक्कांचा कांदा जिन्याखाली गेला आणि पत्र्याच्या खोलीत सतरंज्या आल्या. पहिल्या महिन्यात एकवीस मुलं आली. पालकांना वाटलं, मॅडम शाळेत कडक होत्या, इथेही असतील. दोन महिन्यांनी ते विचारायला लागले की चित्रं शिकवणार कधी. मेन रोडवर दुसरा एक क्लास होता. तिथली मुलं आठव्या दिवशी फ्रेम करून घरी आणायची. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी आणि कोपरगावात कुणाच्या दारात नसलेलं वाकडं नारळाचं झाड. आमच्या वर्गातली मुलं घरी तपकिरी कागद न्यायची. सगळे रंग मोकळेपणानं एकत्र केले की शेवटी तपकिरीच होतात, हे मला त्या वर्षी कळलेलं सर्वात पक्कं शास्त्र. सोनवणे वहिनींचा चिन्मय सहा महिने फक्त उसाच्या ट्रकची चाकं काढत होता. ट्रक नाही, चाकं. सोनवणे वहिनींचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि त्यांना प्रत्येक गोष्ट पूर्ण लागायची. त्या आईला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही एकदा ट्रकचं धूड काढून द्या ना, मग चाकं तो लावेल." आई गोड हसून म्हणाली, "त्याला सध्या चाकंच दिसतायत. आपण थांबायचं." वहिनी थांबल्या, पण त्या थांबल्यात हे दर रविवारी सांगायला येऊ लागल्या.

रूथ आली ती अशातच. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, बदली होऊन आलेली. नर्सबाईंच्या ड्यूट्या उलटसुलट असायच्या, म्हणून आत्तापर्यंत रूथ पाथर्डीकडे आपल्या आजोळी वाढली होती. आता ती नगरपालिकेच्या शाळेत जायची आणि रविवारी आमच्याकडे. माझ्याच वयाची, बारीक, केसांना भरपूर तेल. मला सतरा नव्वे न विचारणारी ती पहिली मुलगी. तिनं विचारलं, "तू दिसभर करती काय मग?"

तिसऱ्या रविवारी तिनं ते चित्र काढलं. आई सगळ्यांना मोठे कागद द्यायची, मुलं त्यात हरवली पाहिजेत म्हणून. रूथनं त्या एवढ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक शेळी काढली, अंगठ्याच्या नखाएवढी. पण शेळीच. लोंबते कान, एक पाय जरा उचललेला, मान मागे वळलेली. मग तिनं ब्रश धुऊन ठेवला आणि मांडी घालून बसली. आई म्हणाली, "बाकीच्या कागदाचं काय करायचं, रूथ?"

"तिकडं काई न्हाई, बाई."

"काहीच नाही?"

"निस्तं रान हाय. ती लई लांब गेलीया ना."

त्या दुपारी जेवताना आईनं ती गोष्ट बाबांना दोनदा सांगितली. शेंगोळ्यांचं वाढलेलं ताट तसंच ठेवून हातानं हवेत कागद दाखवत म्हणाली, "एवढं कोरं रान, आणि एवढीशी शेळी. अहो, हे मी कुणाला शिकवू शकले नसते." बाबा म्हणाले, "पाटीवर तसं लिहिलंच आहे." मी शेंगोळे चिवडत होते. मी त्या पत्र्याच्या खोलीत पहिल्या दिवसापासून बसत होते आणि माझ्या एकाही चित्रामुळे आईचं जेवण थंड झालं नव्हतं.

वर्षाच्या शेवटी मुलं गळायला लागली. एकवीसची चौदा झाली. सोनवणे वहिनींनी सुचवलं की निदान एक प्रदर्शन तरी करा, म्हणजे पालकांना दिसेल काहीतरी. आईला कल्पना आवडली. एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल मिळाला. पाहुणे म्हणून कारखान्याच्या संचालक मंडळातले एक गृहस्थ यायला तयार झाले. त्यांच्याकडे तो रविवार रिकामा होता आणि रिकामा रविवार ही त्यांच्या बाबतीत काळजीची गोष्ट होती, असं बाबा म्हणाले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आई आणि मी चित्रं घेऊन तिथे गेलो. हॉलमध्ये सकाळच्या जेवणावळीचा, मठ्ठ्याचा आणि फिनाईलचा वास होता. आईनं सगळी चित्रं जमिनीवर ओळीनं मांडली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. वर्षभर ती चित्रं तिनं एकेक पाहिली होती. चौदा जणांची एकत्र कधी पाहिली नव्हती. ती ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मग म्हणाली, "किती तपकिरी आहे नाही सगळं."

आधी तिनं नुसती नावं लिहिली, सुंदर अक्षरात. मग प्रत्येक चित्राला काळी चौकट आखली. चौकट म्हणजे काही चित्राला हात लावणं नव्हे. मग एका चौकटीच्या आतला डाग नीट दिसेना म्हणून तिनं तो जरासा निळा केला, आणि निळा झाल्यावर ते तळं आहे हे स्पष्टच होतं, तेव्हा त्याला काठ दिला. "फक्त एवढंच," ती मला म्हणाली, खरं तर स्वतःलाच. चिन्मयच्या चाकांपाशी ती दोनदा जाऊन परत आली. तिसऱ्या वेळी तिनं ट्रक काढला. फार सुरेख ट्रक होता तो, मागे उसाची मोळी लोंबती, काचेवर कुलदैवताचं नाव. अकरा वर्षं फळ्यावर राबलेला आणि वर्षभर पाठीमागे बांधून ठेवलेला हात होता. एकदा सुटल्यावर त्याला थांबवणं तिच्याही हातात नव्हतं. हे लिहिताना मला हसायचा अधिकार नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या शाळेनं दिलेलं पवनचक्कीचं मॉडेल मी स्वतः केलं आणि त्याला त्यावर 'उत्कृष्ट' मिळालं. आईनं ते पाहिलं आणि विचारलं, "तुला मिळालं का?"

चार वाजता बाबा डबा घेऊन आले. त्यांनी ओळीनं चालत सगळी चित्रं बघितली. "कुणाची आहेत ही?"

"मुलांची," आई म्हणाली. तिच्या कपाळाला हिरवा रंग लागला होता.

"लवकर सुधारली," बाबा म्हणाले, आणि डबा ठेवून निघून गेले.

रूथचा कागद आईनं शेवटपर्यंत बाजूला ठेवला होता. त्याला हात लावायचा नाही असं तिच्या मनात असावं. पण ट्रक, तळी आणि डोंगर यांच्यामध्ये तो कोरा कागद ठेवला तेव्हा कुणीतरी लावायचा विसरल्यासारखा दिसायला लागला. आईनं क्षितिजाला फिकट दोन टेकड्या काढल्या. मग तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं, कारण पताका लावायच्या राहिल्या होत्या. "केतकी," ती म्हणाली, "या रानात थोडं गवत काढ. बारीक बारीक रेघा, खालून वर." आणि तिनं तिचा स्वतःचा बारीक ब्रश माझ्या हातात दिला.

मला गवत काढता येत होतं. हे मला तेव्हाच समजलं. खालून वर एक रेघ, तिच्या शेजारी दुसरी, कुणी शैली म्हणणार नाही असं साधं सरळ गवत. मी उजवीकडून सुरू केलं आणि ते वाढत वाढत डावीकडे आलं. शेळीपाशी मी थांबले. हे मला नीट आठवतं, त्यामुळे चुकून झालं असं मला म्हणता येत नाही. मी तिच्या मागे वळलेल्या मानेकडे पाहिलं, मग ब्रश रंगात बुडवला आणि आधी तिचे पाय, मग पोट, मग कान झाकले. आई शिडीवर पताका बांधत होती.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. पालक चित्रापुढे उभे राहून आपल्या मुलांकडे नव्यानं बघत होते. सोनवणे वहिनी ट्रकपुढे उभ्या होत्या आणि येईल त्याला सांगत होत्या की आम्ही थांबलो, मुलांच्या बाबतीत थांबावं लागतं. चिन्मय ट्रकखालच्या चाकांकडे बघत होता. ती सगळी जागच्या जागी होती. आई चाकांना धक्का न लावता ट्रक काढण्याइतकी हुशार होती. बाकीच्या मुलांनीही काही तक्रार केली नाही. आपलं चित्र इतकं चांगलं आहे असं सगळे म्हणत असतील तर ते आपलंच असणार, असं त्यांना वाटलं असेल.

रूथ मात्र ओळीनं एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, "केतकी, माझं चित्र लावलं न्हाई का?"

मी बोट दाखवलं.

"त्येच्यावर माझं नाव हाय," ती म्हणाली. "चित्र माझं न्हाई." मग ती कागदाच्या अगदी जवळ गेली आणि त्या कोपऱ्यात नाक लावून बघायला लागली. "शेळी कुठाय?"

"गवतात गेली असेल," मी म्हणाले.

पाहुणे आले. लहानपणी मलाही चित्रकलेची फार आवड होती, पण पुढे सहकारात आलो, असं त्यांनी सांगितलं. मग ते ओळीनं फिरले आणि रूथच्या कागदापुढे थांबले. "हे बघा," ते माईकवर म्हणाले, "किती हिरवंगार काढलंय. आपल्या तालुक्यात पाणी कुणी आणलं, हे लहान लेकराला कळतंय, विरोधकांना कळत नाही." टाळ्या झाल्या. पहिलं बक्षीस पाहुण्यांनी त्या गवताला दिलं. रूथला पुढे बोलावलं, तिच्या हातात कंपासपेटी दिली आणि पाहुण्यांनी माईक तिच्या तोंडापुढे धरला. "सांग बाळ, काय काढलंस?"

"मी न्हाई काढलं," रूथ म्हणाली.

लोक हसले. पाहुण्यांनी आईकडे पाहिलं. आई स्टेजच्या कडेला हारांचं ताट घेऊन उभी होती. तिनं एकदा रूथकडे पाहिलं, एकदा समोरच्या खुर्च्यांकडे, आणि म्हणाली, "लाजते जरा." रूथनं तिच्याकडे टक लावून बघितलं आणि खाली उतरली. मागे पांढऱ्या साडीत नर्सबाई टाळ्या वाजवत होत्या. त्यांनी लेकीचं चित्र पहिल्यांदाच पाहिलं होतं.

घरी आल्यावर आई खूप बोलत होती. हॉल किती भरला, किती जणांनी नाव नोंदवायला विचारलं. बाबांनी बूट काढले आणि म्हणाले, "ती पोरगी काही लाजली नाही. विचारलं तेवढं तिनं नीट सांगितलं." आई उठून स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी आमटीला फोडणी द्यायची राहिली आणि तिघांनीही ती तशीच खाल्ली.

पुढचे चार दिवस आमच्या जिन्यावर चपलांचा ढीग असायचा. मेन रोडवरच्या क्लासमधून मुलं काढून लोक आमच्याकडे घालायला येत होते. आई नावं लिहून घेत होती, पण वहीकडे न बघता. गुरुवारी तिनं वही मिटली, मला चप्पल घालायला लावली आणि आम्ही दवाखान्यामागच्या क्वार्टर्समध्ये गेलो. नर्सबाईंनी चहा टाकला. आईनं त्यांना सरळ सांगितलं, की मी तुमच्या मुलीचं चित्र बिघडवलं आणि वर लोकांसमोर तिलाच खोटं पाडलं, त्याची माफी मागायला आले आहे.

"अवो बाई, माफी कशाची?" नर्सबाई म्हणाल्या. "तुमी चार रेघा वडल्या म्हनून तर बक्षीस मिळालं. येरवी काय हुतं त्यात, ही सांगती तसं एक शेरडू." त्यांनी खरंच आभार मानले आणि आईला ते आभार चहाबरोबर गिळावे लागले.

रूथ दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. ती आमच्याकडे बघत नव्हती. मला तिथे बसवेना. मी म्हणाले, "शेळी मी झाकली. आईनं नाही."

आईला हे माहीत नव्हतं. तिनं कपबशी खाली ठेवली. पण विचारलं ते रूथनं. "मुद्दाम?"

"हो," मी म्हणाले.

रूथनं दोन शेंगा फोडल्या, दाणे तोंडात टाकले आणि चावून झाल्यावर आईला म्हणाली, "मी यीन रविवारी. पन तुमी भायेर बसायचं. हीनं पन."

"रूथे, बाईंशी आसं बोलत्यात का?" नर्सबाई ओरडल्या.

"बोलू द्या," आई म्हणाली. "बसू आम्ही बाहेर."

त्या रविवारी वर्गाआधी आईनं नव्या जुन्या सगळ्या पालकांना पत्र्याच्या खोलीत जमवलं. गुरुवारी क्वार्टर्समधून घरी आल्यावर ती माझ्यावर रागावली नव्हती. रागावण्याचा हक्क कुणाचा हे तिला ठरवता येत नसावं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "प्रदर्शनात तुम्ही पाहिलं ते काम मुलांचं नव्हतं. मी आणि केतकीनं त्यात भर घातली होती. ते चूक होतं."

खाली आक्कांची म्हैस हंबरली. मग सोनवणे वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मॅडम, तुम्ही मुलांची चित्रं सुधारून देता?"

"दिली. यापुढे नाही देणार."

"नाही, पण द्या ना," वहिनी म्हणाल्या. "आम्ही वर्षभर दुसरं काय म्हणत होतो?" आणि सगळ्या खोलीतून बरं वाटल्याचा आवाज निघाला. एक नवे पालक, पेट्रोल पंपाचे मालक होते ते, म्हणाले की मॅडमचा हात असा असेल तर मुलांनी नुसतं शेजारी बसलं तरी संस्कार होतो. अकरा वर्षांच्या नोकरीत आणि एका वर्षाच्या वर्गात आईचं कुठलंच म्हणणं पालकांना इतकं एकमतानं पटलं नव्हतं. तिला हसू आलं. मला वाटलं ती आता ऐकणार, कारण जिन्यावर कधी नव्हे एवढ्या चपला होत्या. पण ती म्हणाली, "इथून पुढे मी वर्गात बसणारसुद्धा नाही. मी बाहेर पायरीवर बसेन. आत फक्त मुलं." मग ज्यांना जायचं होतं ते गेले. चिन्मयला वहिनींनी हाताला धरून नेलं. तो जिन्यावरून उतरताना पायऱ्यांच्या कडेला अडकवलेल्या सायकलच्या चाकाकडे बघत होता. सात मुलं राहिली.

आई आणि मी पायरीवर बसलो. आक्कांनी सकाळी मेथीच्या दोन जुड्या दिल्या होत्या, त्या आईनं निवडायला घेतल्या. मग आत कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. आईची मान आपोआप दाराकडे वळली आणि तिनं ती मुद्दाम परत आणली. असं चारपाच वेळा झालं. एक गृहस्थ चौकशीला जिना चढून आले. "चित्रकलेचा क्लास चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग तुम्ही इथे?"

"मला आत घेत नाहीत," आई म्हणाली. ते गृहस्थ थोडे थांबले आणि आले तसे उतरले.

तिला मला काही शिकवायचं नव्हतं आणि मला काही करून दाखवायचं नव्हतं, अशा आम्ही दोघी पहिल्यांदाच बसलो होतो. मीही एक जुडी पुढे ओढली. थोड्या वेळानं मी म्हणाले, "मला शाळेत जायचंय."

तिचे हात थांबले. "कुठल्या?"

"रूथच्या. नगरपालिकेच्या."

"तिथे एका वर्गात साठ मुलं असतात, केतकी. बाईंचं तुझ्याकडे लक्षसुद्धा जाणार नाही."

"म्हणून तर," मी म्हणाले.

आईनं एक काडी घेतली, तिची पानं खुडली, मग दुसरी घेतली. तिनं ती जुडी पूर्ण संपवली. माझ्याकडे न बघता तिनं ओटीतल्या मेथीच्या काड्या झटकल्या आणि म्हणाली, "जुन्या शाळेतून दाखला काढावा लागेल. उद्या जाऊ." तेवढ्यात आत पाण्याचं भांडं कलंडल्याचा आवाज झाला आणि कुणीतरी म्हणालं, आता काय करायचं. आम्ही दोघींनी मागे पाहिलं. पण आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.